बियाफ्राच्या युद्धातला सॅपर : ओबासान्जो आणि तिसरी मरीन कमांडो डिव्हिजन

नकाशेवाला

दुसऱ्या धाग्यावर ओलुसेगुन ओबासान्जोचा (हाच पुढे नायजेरियाचा राष्ट्रप्रमुख झाला) उल्लेख 'बियाफ्रा जिंकणारा जनरल' असा आला. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा. बियाफ्रा म्हणजे १९६७ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेला आग्नेय भाग.

आधी एक दुरुस्ती. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा पडला तेव्हा तो जनरल नव्हताच, कर्नल होता. वय ३२. ब्रिगेडियर झाला १९७२ मध्ये, आणि जनरलपद आलं ते राष्ट्रप्रमुख झाल्यावर. कर्नलच्या हाताखाली पस्तीस-चाळीस हजार माणसांची डिव्हिजन (तिसरी मरीन कमांडो) ही गोष्ट आपल्याकडे कुणाला पटणार नाही. पण १९६७ च्या सुरुवातीला नायजेरियाचं सगळं सैन्य मिळून जेमतेम दहा हजार होतं, आणि युद्ध संपता संपता ते अडीच लाखांच्या घरात गेलं. शिपाई भराभर भरती झाले. वरचे अधिकारी होते तेवढेच राहिले, त्यातले कित्येक तर १९६६ च्या दोन उठावांत मारले गेलेले. गोवॉन देशाचा प्रमुख झाला तेव्हा त्याचीही तिशी नुकतीच उलटली होती.

पूर्वपीठिका थोडक्यात. अबेओकुटाजवळच्या खेड्यात जन्म, अधिकृत तारीख ५ मार्च १९३७. १९५८ मध्ये भरती, घानातलं तेशी, मग इंग्लंडात आल्डरशॉटची मॉन्स कॅडेट शाळा, १९५९ मध्ये कमिशन. १९६०-६१ मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेबरोबर. परतल्यावर पायदळ सोडून इंजिनिअर्समध्ये गेला आणि १९६३ मध्ये कादुनाच्या फील्ड इंजिनिअर स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. १९६५ मध्ये तो भारतात होता: आधी वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्यात मिलिटरी इंजिनिअरिंगचं शिक्षण. जानेवारी १९६६ मध्ये मायदेशी परतला आणि पहिला उठाव नेमका त्याच दिवसांत झाला. उठावाचा कादुनातला म्होरक्या न्झेओग्वू हा त्याचा जवळचा मित्र. याला मात्र कटाची कल्पना नव्हती.

युद्ध सुरू झालं ६ जुलै १९६७ ला. पहिली जवळजवळ दोन वर्षं ओबासान्जो आघाडीवर नव्हताच, इबादानला पिछाडी सांभाळत होता. म्हणून माझं मत असं की त्याच्या युद्धाकडे सेनापती म्हणून पाहू नये, सॅपर म्हणजे लष्करी इंजिनिअर म्हणून पाहावं. रस्ता, पूल, रसद आणि ऋतू एवढ्या चार गोष्टी धरल्या की त्याचे निर्णय उलगडतात.

तिरकस

थांबा. तिसऱ्या मरीन कमांडोचं नाव घेतलं आणि आडेकुन्लेचा पत्ता नाही? ती डिव्हिजन उभी त्याने केली. 'मरीन कमांडो' हे नावही त्यानेच दिलं, वरून आलेलं नाव नुसतं 'तिसरी पायदळ डिव्हिजन' होतं.

बेंजामिन आडेकुन्ले, 'ब्लॅक स्कॉर्पियन'. योरुबा बाप, बाचामा आई, जन्म कादुनाचा. सँडहर्स्टचा. आणि हो, १९६४ मध्ये वेलिंग्टनला तोही येऊन गेला होता, म्हणजे ओबासान्जोच्या एक वर्ष आधी. कामगिरी तारखांनिशी मांडतो. जुलै १९६७ अखेर बॉनी बेटावर समुद्रातून उतरला. १८ ऑक्टोबर १९६७ ला कालाबार. १९ मे १९६८ ला पोर्ट हारकोर्ट. ४ सप्टेंबर १९६८ ला आबा, १६ सप्टेंबरला ओवेरी. समुद्राकडून बियाफ्राची वाट बंद झाली ती या माणसामुळे. त्यानंतर बियाफ्राला जगाशी जोडणारी वाट उरली फक्त हवेतली.

समुद्रातून उतरण्याचा सराव नसलेली फौज, हाताशी गिनीचुनी जहाजं, आणि समोर मँग्रोव्हच्या खाड्या. त्यात हे केलं. ओबासान्जो आला तेव्हा ताट वाढलेलं होतं.

रसदवाली

ताट वाढलेलं होतं हे खरं, पण त्यातला अर्धा घास परत गेला होता, तेही सांगा की.

सप्टेंबर १९६८ मध्ये आडेकुन्लेने ओवेरी, आबा आणि उमुआहिया ही तिन्ही गावं १ ऑक्टोबरच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत घ्यायचं ठरवलं. तिन्हींची आद्याक्षरं जुळवून मोहिमेचं नाव 'ओ-ए-यू'. आफ्रिकी एकता संघटनेचंही तेच लघुरूप, म्हणजे नाव छान जमलं होतं. आबा आणि ओवेरी मिळाली, उमुआहियापुढे मोहीम फसली. तारीख आधी ठरवून मग आघाडी ताणली की काय होतं, त्याचं ओवेरी हे उदाहरण आहे.

ओवेरीत कर्नल एतुकची १६वी ब्रिगेड बसली. पोर्ट हारकोर्ट ते ओवेरी शंभरेक किलोमीटर, आणि मोठा माल नेता येईल असा रस्ता एकच. दोन्ही बाजूंना पाम आणि झुडपी रान. अशा रस्त्याला दर काही किलोमीटरवर चौकी लागते, नाहीतर तो फक्त नकाशावर आपला असतो. चौक्यांना माणसं लावावीत तर पुढच्या हल्ल्याला उरत नाहीत. आडेकुन्लेने पुढचा हल्ला निवडला. बियाफ्राने रस्ता मागून कापला, आणि १९६८ चा शेवट येईतो ब्रिगेड पुरती वेढली गेली.

मग विमानातून रसद टाकायला सुरुवात झाली. वेढ्याचा घेर लहान असला की यात दोन अडचणी येतात. विमान खाली आणावं तर गोळ्यांच्या टप्प्यात येतं, उंचावरून टाकावं तर पॅराशूट वाऱ्याने भरकटतं. बरेच गठ्ठे बियाफ्राच्या हद्दीत पडले, म्हणजे दारूगोळा स्वतःच्या हाताने शत्रूला पोचवला. २५ एप्रिल १९६९ ला एतुक उरलेली माणसं घेऊन फोडून बाहेर पडला. या सगळ्या प्रकरणात कौतुक करायचं झालं तर त्याचं करावं.

त्याच्या तीनच दिवस आधी, २२ एप्रिलला, पहिल्या डिव्हिजनने उत्तरेकडून उमुआहिया घेतलं होतं. बियाफ्राची राजधानी पडली तरी युद्ध संपलं नाही, त्याचं मोठं कारण ओवेरी परत मिळालं हे. राजधानी सरळ ओवेरीला हलली.

नकाशेवाला

@रसदवाली, सहमत. गोवॉननेही बहुधा हेच पाहिलं, कारण मे १९६९ मध्ये त्याने एकट्या आडेकुन्लेला नाही, तिन्ही डिव्हिजनचे कमांडर बदलले. पहिलीला शुवाच्या जागी बिसाला, दुसरीला हारुनाच्या जागी जालो, तिसरीला आडेकुन्लेच्या जागी ओबासान्जो.

ओबासान्जोची सुरुवात बघा. १६ मेच्या सुमारास सूत्रं हातात घेतली आणि २२ मेला पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर हवाई हल्ला झाला. कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन या स्वीडिश वैमानिकाने एमएफआय-९ ही शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमानं आणली होती, प्रत्येकाच्या पंखांखाली ६८ मिलिमीटरचे बारा रॉकेट. झाडांच्या शेंड्यांना घासून येणारी ही विमानं विमानवेधी तोफांना दिसेपर्यंत निघून जायची. त्याच आठवड्यात बेनिन आणि एनुगूचे विमानतळही त्यांनी झोडपले.

पहिला महिना सव्वा महिना आबावरचा बियाफ्राचा हल्ला परतवण्यात गेला. ओबासान्जो सगळी आघाडी फिरला, फिरताना जखमी झाला. शिपायांच्या नजरेत तो चढला तो यामुळे. इबादानहून आलेला, पूल बांधणारा कर्नल म्हणून आधी त्याला कुणी मोजत नसावं.

त्यानंतर डिसेंबरपर्यंत मोठी चढाई नाही. तेव्हाच्या राजधानीतल्या, लागोसच्या, लोकांना हा वेळकाढूपणा वाटला. पण आग्नेय नायजेरियात पाऊस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि मध्ये ऑगस्टमधली थोडी उघडीप सोडली तर तो कोकणासारखा कोसळतो.

सुरुंगपेटी

पावसाचा मुद्दा निघाला आहे तर रस्ता आणि पूल हे गणित नीट मांडतो. पुण्यात दापोडीच्या कॉलेजात आणि त्या काळातल्या ब्रिटिश घडणीच्या कुठल्याही इंजिनिअर शाळेत बेली पूल (पोलादी चौकटी जोडून उभारायचा लष्करी पूल) घोटून घेतला जायचा, त्यामुळे त्याच्याच भाषेत.

तिथली माती लॅटराइट, म्हणजे आपला जांभाच. कोरड्यात दगड, ओल्यात साबण. तीन टनी ट्रक एकामागून एक गेले की चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचतं, आणि विसाव्या गाडीला रस्ता उरत नाही. ब्रिटनकडून मिळालेली सॅलडिन चिलखती गाडी साडेअकरा टनांच्या आसपास, सहा चाकांची. ओल्या जांभ्यावर ती रस्त्याच्या कडेला सरकली की मागचा सगळा ताफा अडतो, आणि अडलेला ताफा म्हणजे आयतं सावज. ३१ मार्च १९६८ ला अबागानाला दुसऱ्या डिव्हिजनच्या शंभराहून अधिक गाड्यांच्या ताफ्याचं काय झालं ते आठवा. एका अरुंद रस्त्यावर सगळा खेळ संपला.

आता पूल. मागे हटणारी फौज पूल उडवते. समजा ८० फुटांची फट आहे. बेलीची एक चौकट १० फूट लांब, ५ फूट उंच, वजन साधारण २६० किलो, उचलायला सहा माणसं. ८० फुटांना आठ खण. दोन्ही बाजूंना दुहेरी जोडणी धरली तर आठ गुणिले चार, म्हणजे ३२ चौकटी. शिवाय पूल रोलरवरून पुढे ढकलताना तोंडाला जोडायचं हलकं नाक वेगळं, ते पुलाच्या निम्म्याहून थोडं लांब, त्याला दहाएक चौकटी. एकूण ४२. नुसत्या चौकटी अकरा टन भरतात. आडव्या तुळया, फळ्या, पिना, जॅक, रोलर यांचे ट्रक वेगळे.

बिघडतं कुठे? एक, नाक आखूड पडलं की भार रोलरच्या पुढे जातो आणि पूल नदीत तोंड खुपसतो. दोन, काठ भिजलेला असला की रोलरखालचा पाट बसतो, पूल तिरका होतो, पिना अडकतात. तीन, आणि हे जास्त वेळा होतं: पूल उत्तम उभा राहतो, पण त्याला जोडणारा दोनशे मीटरचा चढ पहिल्याच दिवशी गाळ होतो. म्हणून शहाणा सॅपर आधी दगडगोटे आणि ओंडके गोळा करतो, चौकट नंतर उतरवतो. चार, पुलावर पहारा न ठेवता पुढे जाणं. मग तो पूल मागून कापायला शत्रूच्या सोयीचा.

हे सगळं पावसाळ्यात करता येतं, पण वेळ तिप्पट लागतो आणि शत्रूला तेवढा वेळ मिळतो. डिसेंबरात हर्मटनचा कोरडा वारा सुटला, नद्या उतरल्या की तोच रस्ता पक्का. त्याचं थांबणं मला अगदी सरळ वाटतं.

हर्मटन

सुरुंगपेटी, मस्त. पण रस्ता बियाफ्रालाही तेवढाच कळत होता. उली बघा. ओनित्शा-ओवेरी रस्त्याचा सरळ पट्टा रुंद केला आणि तीच धावपट्टी, सांकेतिक नाव 'अॅनाबेल'. दिवसा झाडाच्या फांद्या टाकून झाकलेली. रात्री साओ टोमे, लिब्रेव्हिलहून विमानं यायची, दिवे लागायचे ते उतरण्याच्या काही क्षणांपुरते. वर नायजेरियाचं एक मालवाहू विमान बॉम्ब घेऊन घिरट्या घालायचं, वैमानिक त्याला 'इंट्रूडर' म्हणत. दिवा दिसला की बॉम्ब. पडलेले खड्डे त्याच रात्री हाताने खडी टाकून बुजवायचे. गर्दीच्या रात्री चाळीसच्या आसपास विमानं उतरत, एकेकात दहाएक टन. सुकवलेले मासे, मक्याचं पीठ, मीठ, औषधं. आणि त्याच पट्टीवर शस्त्रंही.

प्रश्न असा: ओबासान्जोने आधी उली का नाही घेतली? सगळा प्राण तर तिथेच होता.

नकाशेवाला

कारण उली आतल्या बाजूला होती. दक्षिणेकडून तिच्याकडे जाणारा चांगला रस्ता ओवेरीतून जातो, आणि ओवेरी पुन्हा बियाफ्राच्या हातात. सरळ ओवेरीवर जावं तर आडेकुन्लेचाच खड्डा: लांब एकेरी रस्ता, उजवी बगल उघडी.

म्हणून आधी बगल. डिसेंबरातली मोहीम 'फिनिशिंग टच'. आबाकडून उत्तरेला सरकत नाताळच्या दिवशी तिसऱ्या डिव्हिजनची माणसं उमुआहियात पहिल्या डिव्हिजनला भेटली. बियाफ्राचे दोन तुकडे झाले. पूर्वेचा शेतीचा भाग तुटला, आणि उरलेल्या पश्चिम तुकड्यात लाखो निर्वासित कोंबलेले. ७ जानेवारी १९७० ला दुसरी मोहीम, 'टेल विंड'. ९ ला ओवेरी, १० च्या रात्री बियाफ्राचा प्रमुख ओजुक्वू उलीवरून आयव्हरी कोस्टला उडाला, १२ पर्यंत उलीही गेलं आणि त्याच्या जागी आलेल्या एफिओंगने रेडिओवरून लढाई थांबवली. वर्ष-दीड वर्ष अडलेलं काम तीन आठवड्यांत उरकलं.

तिरकस

'ओबासान्जोने केलं', 'ओबासान्जोने ठरवलं' हे जरा जपून. डिव्हिजनचा चीफ ऑफ स्टाफ राहिलेल्या आलाबी-इसामाने पुढे अख्खं पुस्तक लिहून त्याच्या आठवणींना आव्हान दिलं. त्याचं म्हणणं, शेवटच्या चढाईची आखणी खालच्या अधिकाऱ्यांची होती. डिव्हिजनमधल्याच अकिनरिनाडे या अधिकाऱ्याचं नावही नेहमी मागे पडतं. शरण येणाऱ्या बियाफ्रन अधिकाऱ्यांशी पहिला संपर्क झालेल्यांत तो होता, आणि तिथे एखाद्या तरुण मेजरने घाबरून गोळी झाडली असती तर १३ जानेवारीची ओबासान्जो-एफिओंग भेट झालीच नसती.

आत्मचरित्र आधी लिहितो त्याचं युद्ध, असा प्रकार आहे हा.

रसदवाली

श्रेयाची वाटणी चालू द्या, पण समोर काय होतं तेही लिहायला हवं. १९६९ अखेरीस बियाफ्राचा शिपाई उपाशी होता. दिवसाला मूठभर काडतुसं मिळायची, काही तुकड्यांना तीही नाहीत. 'ओगबुनिग्वे' हे त्यांचं घरगुती स्फोटक भयंकर परिणामकारक होतं, पण नुसत्या सुरुंगांवर आघाडी टिकत नाही. ५ जून १९६९ ला नायजेरियाच्या मिग-१७ ने रेडक्रॉसचं डीसी-७ पाडलं आणि रेडक्रॉसची उड्डाणं थांबली. चर्चची विमानं चालू राहिली, पण पुरवठा घटलाच. दिवसा उड्डाणं व्हावीत यावर दोन्ही बाजूंची महिनोन् महिने घासाघीस झाली. लागोसला तपासणी हवी होती, ओजुक्वूला रात्रीच्या मदतीच्या आडून शस्त्रं आणायची होती. मुलं मेली ती या घासाघिशीत. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, आणि त्यातले बहुतेक गोळीने नाही, भुकेने.

तेव्हा 'तीन आठवड्यांत उरकलं' यात सॅपरचं गणित किती आणि नाकेबंदी किती, हे वेगळं काढता येत नाही. आडेकुन्लेला १९६८ मध्ये जो विरोध झाला तो ओबासान्जोला १९७० मध्ये झाला नाही.

नकाशेवाला

मान्य. 'उरकलं' हा शब्द मागे घेतो.

अवलोकिता

अवांतर, पण तितकंसं अवांतर नाही. भारताचा धागा वेलिंग्टन-पुण्यापुरता नाही. कादुनाची डिफेन्स अकॅडमी १९६४ मध्ये भारतीय लष्कराच्या मदतीने उभी राहिली, तिचे पहिले कमांडंट ब्रिगेडियर वर्मा हे भारतीय होते आणि युद्ध चालू असतानाही भारतीय अधिकारी तिथे शिकवत होते.

दुसरी गोष्ट इबादानची. ऑगस्ट १९६७ मध्ये व्हिक्टर बांजोच्या हाताखाली बियाफ्राची फौज नायजर ओलांडून बेनिन घेऊन ओरेपर्यंत आली. बांजो स्वतः योरुबा, आणि तोही तांत्रिक शाखेचा, इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलचा. लेखक वोले सोयिंकामार्फत त्याने ओबासान्जोला निरोप धाडला: पश्चिम भागातून वाट दे. ओबासान्जोने नकार दिला. बांजोला सप्टेंबरात ओजुक्वूनेच गोळ्या घातल्या. पश्चिम प्रांत तेव्हा डळमळीत होता. इबादानच्या कमांडरने नुसतं दुसरीकडे पाहिलं असतं तरी लागोस धोक्यात होतं. माझ्या हिशेबी त्याच्या युद्धातला सर्वांत वजनदार निर्णय हा. एकही गोळी न झाडता घेतलेला.

सुरुंगपेटी

@अवलोकिता, हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. +१.

शरणागतीनंतरचं काम राहिलं. १३ जानेवारीला ओबासान्जो एफिओंगला भेटला: शस्त्रं खाली ठेवा, आणि निवडक लोकांनी लागोसला येऊन गोवॉनसमोर रीतसर शरण या. १५ तारखेला डोडन बराकीत ते झालं. मधल्या दिवसांत रेडिओवरून लोकांना घरीच थांबायला सांगितलं, सैन्य बराकीत ठेवून गावं पोलिसांकडे द्यायचा हुकूम काढला. हुकूम निघाला म्हणून सगळं पाळलं गेलं असं नाही, आडबाजूच्या तुकड्यांनी लूट आणि बलात्कार केले. लुटारूंना फटके, बलात्काऱ्यांना गोळी अशा शिक्षा त्याने दिल्या. खुद्द त्याच्याच डिव्हिजनमधली माणसं होती ती.

मग पाणी. पुढचं माझ्या शाखेचं सामान्य ज्ञान म्हणून वाचा. अशा गावांत युद्धानंतर सगळं एकदम बंद असतं: पंपाची डिझेल इंजिनं उचलून नेलेली, उरलेल्यांचे इंजेक्टर गायब, टाक्यांना गोळ्यांची भोकं, मुख्य नळ पूल उडाला तिथेच तुटलेला. त्यामुळे क्रम उलटा लावावा लागतो. आधी पंपघर, मग टाकी, मग मुख्य नळ, घरोघरचे नळ सगळ्यांत शेवटी. तोवर टाकीखालीच तोट्या काढून रांग लावायची. क्लोरीनची पावडर नसेल तर पंप सुरू करण्यात अर्थ नाही, कारण विहिरीत काय पडलं आहे कुणालाच ठाऊक नसतं. मे १९७० पर्यंत त्या भागातल्या सगळ्या मोठ्या गावांचा पाणीपुरवठा पुन्हा जोडला गेला होता. चार महिने.

तिरकस

चार महिन्यांत पाणी, हे मात्र आडेकुन्लेला जमलं नसतं. त्याला युद्धानंतर लागोस बंदरातली तुंबलेली जहाजं मोकळी करायच्या कामावर लावलं होतं आणि १९७४ मध्ये सक्तीने घरी बसवलं. २०१४ मध्ये गेला.

पुढचा प्रश्न टाकून ठेवतो: दुसऱ्या डिव्हिजनचा आधीचा कमांडर मुर्तला मुहम्मद याचे ओनित्शाजवळचे नदी ओलांडण्याचे फसलेले प्रयत्न. सुरुंगपेटी, तुमच्या होड्या आणि रोलर तयार ठेवा.